कुरकुरणारी पिकअप

ओतूरच्या बाजारात इंदुमती बोऱ्हाडेच्या छोट्या गॅरेजवर गिऱ्हाईक वाढलं, तसं शेजारच्या मोठ्या गॅरेजवाल्या गेनूशेठच्या पोटात दुखू लागलं. एक दिवस तिच्याकडे जुनी, कुरकुरणारी पिकअप आली. शेठ सगळ्यांदेखत म्हणाला, "एकही नट न खोलता दोष शोध, नाहीतर गॅरेज बंद कर!"

"बरं. गाडी हलवायला कुणीतरी लागेल."

दुसऱ्यावर विश्वास नको, म्हणून शेठ स्वतःच हौद्यात चढून उड्या मारू लागला. इंदुमतीने गाडीखालच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना बसवलेल्या एकेका रबरी बुशवर पाणी ओतलं. तिसरा भिजला आणि आवाज थांबला.

"हाच वाळलाय. एवढाच बदलायचा."

"हॅं! पाणी ओतायला कसली अक्कल लागते?"

"ओतायला नाही, शेठ. कुठं थांबायचं, ते कळायला लागते."

लोक हसले, तेव्हा कुठं शेठच्या ध्यानात आलं की आपण अजून उड्याच मारतोय.