मुनियाचं शेपूट गेलं कुठे

ऐकणाऱ्यांनी मांडी घालावी. ज्यांना मांडी घालायची नसेल त्यांनी लोळावं. गोष्टीला दोन्ही चालतं.

एक होती मुनिया. मुनिया म्हणजे पैठणीच्या काठावरचा इवलासा पोपट. हिरवं अंग. लाल चोच. पण ही मुनिया अजून काठावर बसली नव्हती. ती राहायची कॉम्प्युटरात.

कॉम्प्युटर होता येवल्यातल्या एका घरात. घरात माग होता. खटक् खट, खटक् खट. मागावर बाबा पैठणी विणायचे. कॉम्प्युटरवर आई पैठणीची चित्रं काढायची. आणि त्यांची छोटी बिट्टी काय करायची? बिट्टी मध्ये मध्ये करायची.

ही मुनिया आईने बिट्टीसाठीच काढली होती. दिवाळीच्या परकराला. आई एकेक धागा मोजून चित्र काढायची. म्हणून इवल्या मुनियाला मोठ्ठं करून बघायची. इतकं मोठ्ठं, की ती एका स्क्रीनवर मावेना. मग आईने दोन स्क्रीन मांडल्या. शेजारी शेजारी. डाव्या स्क्रीनवर मुनियाची चोच, डोळे आणि पोट. उजव्या स्क्रीनवर मुनियाचं शेपूट. लांबलचक, हिरवंगार, टोकाला पिवळं.

दसरा झाला. दुसरा दिवस उजाडला. आईने कॉम्प्युटर लावला. थोडा वेळ झाला, आणि उजवी स्क्रीन गेली. टिक. काळी. ठार काळी.

मुनियाने मागे वळून बघितलं. शेपूट नाही.

आईने वायर काढली, परत लावली. काळी. कॉम्प्युटर बंद केला, परत चालू केला. जरा उजळली. टिक. काळी.

मागावरून बाबा म्हणाले, "अगं, दिवे लागले की मी परकर विणायला घेणार. तू छापून देशील त्या कागदावर जेवढी मुनिया, तेवढीच परकरावर."

"थांबा हो," आई म्हणाली. "आधी चहा घेते. डोकं चालेना."

आई चहा करायला गेली. मुनिया घाबरली. शेपटाशिवाय परकरावर बसायचं? कायमचं? लोक म्हणतील, हा पोपट आहे की वांगं?

मुनिया उडाली. भुर्रर्र... धप.

शेपूट नसलं की सरळ उडता येत नाही. पुन्हा उडाली. भुर्रर्र... धप. पडत पडत गेली उजव्या स्क्रीनकडे.

"स्क्रीनताई, स्क्रीनताई, शेपूट दे ना.
शेपटाशिवाय मला उडता येईना."

स्क्रीनताई अंधारातून म्हणाली, "मी का लपवलंय? चित्र आलं की दाखवते. पण वायरमावशी चित्र आणेना."

मुनिया निघाली. भुर्रर्र... धप. स्क्रीनताईच्या मागे होती वायरमावशी. लांब, काळी, वेटोळी.

"वायरमावशी, वायरमावशी, चित्र आण ना.
स्क्रीनताई शेपूट देईना.
शेपटाशिवाय मला उडता येईना."

वायरमावशी म्हणाली, "मला सकाळपासून काढतायत आणि लावतायत. अंग दुखलं माझं. पण मी तरी रिकामी काय आणू? कार्डकाकी चित्र रंगवेना."

मुनिया वायरमावशीच्या पोटातून निघाली. सर्रर्र... धप. पडली थेट कॉम्प्युटरच्या पेटीत. तिथे होती कार्डकाकी. ग्राफिक्स कार्डकाकी. घरातली सगळी चित्रं तीच रंगवायची. आज ती लालेलाल झाली होती. कपाळावर घामच घाम.

"कार्डकाकी, कार्डकाकी, चित्र रंगव ना.
वायरमावशी चित्र आणेना.
स्क्रीनताई शेपूट देईना.
शेपटाशिवाय मला उडता येईना."

कार्डकाकी म्हणाली, "रंगवते गं बाई. पण काय रंगवू? हिरवं की निळं? लांब की आखूड? ते सांगणारा ड्रायव्हरदादा. आणि ड्रायव्हरदादा सांगेना."

भुर्रर्र... धप. ड्रायव्हरदादा आडवा पडला होता. हात एकीकडे, पाय एकीकडे.

"ड्रायव्हरदादा, ड्रायव्हरदादा, काकीला सांग ना.
कार्डकाकी चित्र रंगवेना.
वायरमावशी चित्र आणेना.
स्क्रीनताई शेपूट देईना.
शेपटाशिवाय मला उडता येईना."

ड्रायव्हरदादाने एक डोळा उघडला. "एक स्क्रीन कशीबशी सांभाळतो," तो म्हणाला. "दुसरी घ्यायला गेलो की घेरी येते. मी पडतो. मला हात धरून उठवायला हवं. आणि लिनक्सआजोबा उठवेनात."

एवढं बोलून त्याने डोळा मिटून घेतला.

भुर्रर्र... धप. लिनक्सआजोबा म्हणजे कॉम्प्युटरातले कारभारी. कोणी केव्हा उठायचं, कोणी काय करायचं, सगळं आजोबा सांगायचे. ते हाताने वारा घेत बसले होते.

"लिनक्सआजोबा, लिनक्सआजोबा, दादाला उठवा ना.
ड्रायव्हरदादा काकीला सांगेना.
कार्डकाकी चित्र रंगवेना.
वायरमावशी चित्र आणेना.
स्क्रीनताई शेपूट देईना.
शेपटाशिवाय मला उडता येईना."

आजोबा म्हणाले, "बाळ, उठवला होता. परत पडला. परत उठवला, परत पडला. पेटीत ही आग आग. उकाड्यात कोण उभं राहील? जरा गार झालं की उठवतो. पण पंखेमामा वारा देईना."

आता यादी लांब झाली. ज्यांना पाणी प्यायचं त्यांनी पिऊन घ्या.

प्यायलात? चला.

भुर्रर्र... धप. पंखेमामा पेटीच्या अगदी टोकाला होता, जाळीच्या भोकांपाशी. तो मात्र बसला नव्हता. गरगर गरगर फिरत होता.

"पंखेमामा, पंखेमामा, वारा दे ना.
लिनक्सआजोबा दादाला उठवेनात.
ड्रायव्हरदादा काकीला सांगेना.
कार्डकाकी चित्र रंगवेना.
वायरमावशी चित्र आणेना.
स्क्रीनताई शेपूट देईना.
शेपटाशिवाय मला उडता येईना."

पंखेमामा चिडला. "देईना काय देईना? सकाळपासून फिरतोय. चक्कर यायची वेळ आली. पण वारा काय मी खिशात ठेवतो? तो बाहेरून येतो. या जाळीतून. आणि जाळीवर बघ कोण बसलंय. मी सांगून दमलो. झेंडूचा हार सरकेना."

मुनियाने भोकातून बघितलं. खरंच. जाळीच्या बाहेर होता झेंडूचा हार. जाडजूड, गुबगुबीत, पिवळाधमक. एक भोक मोकळं नव्हतं.

"झेंडूच्या हारा, झेंडूच्या हारा, सरक ना.
पंखेमामा वारा देईना.
लिनक्सआजोबा दादाला उठवेनात.
ड्रायव्हरदादा काकीला सांगेना.
कार्डकाकी चित्र रंगवेना.
वायरमावशी चित्र आणेना.
स्क्रीनताई शेपूट देईना.
शेपटाशिवाय मला उडता येईना."

हार म्हणाला, "मी कसा सरकू? मला पाय आहेत का? मला बिट्टीने बांधलंय. घट्ट. दोन गाठी मारून. आणि बिट्टी मला सोडेना."

मुनिया खूप दमली होती. तरी तिने अंग चोरलं. दोन झेंडूंच्या मधून डोकं बाहेर काढलं. बिट्टी जमिनीवर बसली होती. दसऱ्याची उरलेली फुलं मोजत होती. एक, दोन, चार, सात.

"बिट्टी, बिट्टी, हार सोड ना.
झेंडूचा हार सरकेना.
पंखेमामा वारा देईना.
लिनक्सआजोबा दादाला उठवेनात.
ड्रायव्हरदादा काकीला सांगेना.
कार्डकाकी चित्र रंगवेना.
वायरमावशी चित्र आणेना.
स्क्रीनताई शेपूट देईना.
शेपटाशिवाय मला उडता येईना."

बिट्टीने मान हलवली. "नाही सोडणार."

"का गं?"

"दसऱ्याला सगळ्यांची पूजा केली ना? जे आपल्यासाठी राबतं त्याला हार घालायचा, आई म्हणाली. बाबांनी मागाला घातला. आईने कात्रीला फूल वाहिलं. मी कॉम्प्युटरला हार घातला. तो माझी मुनिया काढतो म्हणून. सगळा हार मी ओवला. बोटाला सुई पण लागली." बिट्टीने बोट दाखवलं. "तो माझा थँक्यू आहे. मी काढणार नाही."

बिट्टीचं खोटं नव्हतं. हार प्रेमाचाच होता.

मुनिया म्हणाली, "हार फार छान आहे, बिट्टी. पण तू तो कॉम्प्युटरच्या नाकावर बांधलास."

"कॉम्प्युटरला नाक असतं?"

"ही जाळी आहे ना, ते त्याचं नाक. तू आपलं नाक धरून बघ. तोंड पण मीट."

बिट्टीने नाक धरलं. तोंड मिटलं. डोळे मोठे झाले. गाल फुगले. कान लाल झाले.

"फूऽऽऽ," बिट्टीने श्वास सोडला. "बाई गं. तो कालपासून असाच आहे?"

"कालपासून."

बिट्टीने हातातली फुलं खाली ठेवली. ती उठली. एक गाठ सोडली. दुसरी सुटेना. नखाने ओढली. दाताने ओढली. सुटली.

मग काय झालं, सांगू?

बिट्टीने हार सोडला.
झेंडूचा हार सरकला. सळसळ सळसळ.
पंखेमामाने वारा दिला. सूंऽऽ सूंऽऽ.
पेटी गार झाली. आजोबांनी "हुश्श" केलं.
लिनक्सआजोबांनी दादाला उठवलं. "उठ रे बाबा."
ड्रायव्हरदादाने काकीला सांगितलं. "हिरवं, लांब, टोकाला पिवळं."
कार्डकाकीने चित्र रंगवलं. सपसप सपसप.
वायरमावशीने चित्र आणलं. सर्रर्र.
स्क्रीनताई उजळली. टिंग.

आणि शेपूट आलं. लांबलचक, हिरवंगार, टोकाला पिवळं.

मुनिया उडाली. भुर्रर्र...

भुर्रर्र...

धप नाही. सरळ उडाली. डाव्या स्क्रीनवरून उजवीवर, उजवीवरून डावीवर.

मग ती थांबली. जिथून जिथून आली होती तिथे तिथे परत गेली. वायरमावशीला म्हणाली, "मावशी, तू आणलंस म्हणून." कार्डकाकीला म्हणाली, "काकी, तू रंगवलंस म्हणून." ड्रायव्हरदादाला म्हणाली, "दादा, तू उठलास म्हणून." आजोबांच्या पाया पडली. पंखेमामाला तिने शेपटाने वारा घातला. त्याला आजवर कोणी वारा घातला नव्हता. तो लाजला.

हार मात्र खाली पडून होता. "माझ्यामुळेच झालं सगळं," तो म्हणाला.

"वेडा आहेस का?" मुनिया म्हणाली. "तू थँक्यू म्हणायला आलास. फक्त चुकीच्या जागी बसलास."

तेवढ्यात आई आली. हातात चहाचा कप. तिने दोन्ही स्क्रीन बघितल्या. कप तसाच राहिला.

"अगंबाई, चालू झाली? कशी काय?"

"मी त्याचं नाक सोडवलं," बिट्टी म्हणाली.

आईने पेटीला हात लावला. मागची बाजू अजून कोमट होती. तिने जाळी बघितली, हार बघितला आणि कपाळावर हात मारला. "आणि मी बसले वायर उपटत." तिने बिट्टीला मांडीवर घेतलं. "बरं झालं बाई, तू होतीस."

"आता माझा थँक्यू कुठे ठेवू?" बिट्टीने विचारलं.

दोघींनी मिळून जागा शोधली. स्क्रीनताईच्या पायाशी. तिथे हार बसला. तिथे कोणाचंच नाक नव्हतं.

दिवे लागले. आईने मुनिया कागदावर छापली. अख्खी, चोचीपासून शेपटापर्यंत. छापायच्या आधी तिने एक गंमत केली. मुनियाच्या चोचीत एक छोटंसं पिवळं फूल दिलं.

बाबांनी कागद समोर ठेवला. खटक् खट, खटक् खट.

दिवाळीला बिट्टीने परकर घातला. गोल गोल फिरली. परकर फुलला आणि काठावरची मुनिया उडाली. भुर्रर्र. चोचीत झेंडूचं फूल, मागे लांब शेपूट.

मग आला पुढचा दसरा. बिट्टी आता थोडी उंच झाली होती. तिने पुन्हा हार ओवला. या वेळी सुई लागली नाही. हार घेऊन ती सगळीकडे फिरली आणि प्रत्येकाला आधी विचारलं.

"मागा, मागा, तुझं नाक कुठे आहे?"

"सायकल, सायकल, तुझं नाक कुठे आहे?"

सायकलला नाक सापडलं नाही. तिला हार कुठेही चालला.

शेवटी ती कॉम्प्युटरपाशी आली. त्याला काही विचारलं नाही. त्याचं नाक तिला माहीत होतं. तिने हार पायाशी ठेवला. जाळीपाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "थँक्यू. श्वास घे."

आतून पंखेमामा म्हणाला, सूंऽऽ.

मुनिया बसली काठावर,
हार बसला पायाशी,
आणि गोष्ट ऐकणारं पिल्लू
बसलं आपल्या आईपाशी.