टिटवीची चार अंडी

ही कथा मी दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका शनिवारी दुपारी, घाटमाथ्यावरच्या एका गवळी वस्तीत सखूबाई येडगे यांच्याकडून ऐकली. स्वतःचे वय त्यांनी एकदा शहात्तर सांगितले, एकदा ऐंशी. त्यांना ही कथा त्यांच्या सासूबाईंनी सांगितली होती; सासूबाईंना ती कोणी सांगितली हे त्यांना ठाऊक नव्हते. मी ती दोनदा ऐकून घेतली. दोन्ही वेळा जे सारखे आले तेवढेच येथे लिहितो. जे वेगळे आले त्याचा उल्लेख शेवटी करीन.

ज्या काळाची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, अशा फार जुन्या काळी डोंगराच्या कुशीत चाळीस उंबऱ्यांचे एक गाव होते. गाव गुराढोरांवर जगत असे. गावाच्या डोक्यावर विस्तीर्ण पठार होते आणि पठारावर गवत होते, एवढीच त्या गावाची श्रीमंती.

गावाची एक रीत होती. दूध विकावे, तूप विकावे, पण ताक विकू नये. ज्या घरी ताक होईल त्या घराने सकाळी हाक द्यावी आणि ज्याला हवे त्याने भांडे घेऊन यावे.

एका वर्षी गुरांवर बुळकांडीची साथ आली. दोन महिन्यांत गोठे रिकामे झाले. एकट्या पाटलाचे बारा बैल आणि नऊ गाई गेल्या. शेवटचा बैल गेला त्या दिवसापासून पाटील पठारावर फिरकला नाही आणि कामाशिवाय कोणाशी दोन शब्दांहून अधिक बोललाही नाही.

साऱ्या गावात एकच म्हैस वाचली. ती होती गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हातारीची. म्हातारीचा नवरा तरुणपणी पंचक्रोशीतला सर्वांत जाणता गुराखी होता. पुढे त्याचे डोळे गेले आणि त्यांच्या मागोमाग गुडघेही गेले. तो दिवसभर ओसरीवरच्या खांबाला टेकून बसे. म्हातारी पठाराच्या कडेवरून रोज एक भारा गवत कापून आणी, म्हैस थोडेसे दूध देई, आणि म्हातारी रात्री विरजण लावून सकाळी घुसळायला बसे.

आणि रीतीप्रमाणे हाकही देई.

पहिले काही दिवस कोणीच आले नाही. सबंध गावात एकच म्हैस, तीही म्हातारीची. तिच्याकडून न्यायचे कसे? मग ज्यांना नड होती ते आले, पण भांडी पदराखाली आणि घोंगडीखाली लपवून. ताकाला जाऊन भांडे लपवणारी माणसे म्हातारीने आयुष्यात प्रथमच एवढ्या संख्येने पाहिली. तिने रवी थांबवली.

“फुकट न्यायची लाज वाटत असेल, तर मोल द्या,” ती म्हणाली. “आमच्या ह्यांना दिसत नाही. कालपासून तुम्ही पाहिलेली एक चांगली गोष्ट ह्यांना सांगा, आणि वाटीभर ताक न्या.”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. या गावात, या वर्षी, चांगले काय दिसणार, असे एकाने विचारलेही. पण घरी वाट पाहणारी माणसे होती. एक बाई म्हणाली की, तिच्या चुलीमागे मांजर व्याली आहे. दुसरा म्हणाला की, शेजाऱ्याने न सांगता त्याच्या वहाणेचा तुटलेला अंगठा शिवून ठेवला. तिसरा बराच वेळ डोके खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, की काल दिवसभर बायको त्याला एकदाही टाकून बोलली नाही. त्याची बायको मागेच उभी होती. तिने शांतपणे सांगितले, की काल तिचा घसा बसला होता. आंधळा म्हातारा खांबाला धरून हसला, आणि तीन महिन्यांत त्या गावात कोणीतरी हसलेले ऐकण्याची ती पहिलीच वेळ होती.

म्हातारा नुसते ऐकून घेत नसे. पिल्ले किती, रंग कोणते, वहाण कोणत्या दोऱ्याने शिवली, असे विचारत असे. त्यामुळे लोक नीट पाहू लागले. पुढे असेही होऊ लागले, की एखाद्या एकट्या बाईला सकाळी सांगायला काही मिळावे म्हणून तिच्या दारात रात्रीतून कोणी सरपण रचून ठेवी. ती ते सकाळी ओसरीवर सांगे, तेव्हा ठेवणारा तिथेच उभा राहून आभाळाकडे बघे.

पाटील मात्र कधी आला नाही.

त्याने गावाची बैठक बोलावली. रोग पठारावरच्या गवतात बसला आहे, असे त्याचे ठाम मत होते. अमावास्येला पठार पेटवायचे आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरून गाव कायमचे सोडायचे, असे ठरले. सर्वांनी मान डोलावली. आंधळ्या म्हाताऱ्याचे काय, हे कोणी विचारले नाही. त्याला चालता येत नव्हते आणि घाटाची वाट इतकी अरुंद होती, की तिथून डोली जात नसे. म्हातारीने एवढेच सांगितले, की ती ह्यांच्याजवळ राहील. पठार जळाले की म्हैस उपाशी आणि म्हैस उपाशी राहिली की ती दोघे उपाशी, हा हिशेब प्रत्येकाला येत होता. तो मोठ्याने मांडण्याचे धैर्य कोणाला नव्हते.

अमावास्येला चार दिवस उरले असताना पाटलाच्या बायकोला ताप आला आणि तिने ताक मागितले. पाटील घोंगडीखाली तांब्या लपवून ओसरीपाशी आला. तेथे पाचसहा जण आधीच होते.

“ताक तयार आहे, पाटील,” म्हातारी म्हणाली. “मोल तेवढं ह्यांना द्या.”

पाटलाने तीन महिन्यांत काहीच पाहिले नव्हते, कारण त्याने पाहण्यासाठी मानच वर केली नव्हती. एकदाचे सुटावे म्हणून त्याने तोंडाला आले ते सांगितले. “पठारावर टिटवीनं अंडी घातलीत. चार.”

म्हातारा ताठ बसला. “कातळापाशी?”

“कातळापाशी.”

“टोकं आतल्या बाजूला?”

टिटवीची अंडी पाटलाने कधी जवळून पाहिली नव्हती. “हो,” तो म्हणाला.

“मग खरीच,” म्हातारा म्हणाला. “पाटील, लहान तोंडी मोठा घास घेतो. चार आठवडे पठार पेटवू नका. पिल्लं पायावर उभी राहिली की खुशाल पेटवा.”

दुपारपर्यंत ही बातमी चाळीस उंबऱ्यांत पोहोचली. ज्या गावाने आपले प्रत्येक वासरू पुरले होते, त्या गावात आता अंड्यांवर बसलेल्या पक्षिणीच्या अंगावर आग सोडायला एकही हात तयार होईना. पाटलाची कोंडी झाली. खोटे बोललो म्हणावे तर पाटीलकीची शोभा होणार. न म्हणावे तर पठार पेटवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पठारावर चढला. मुंगसाने अंडी खाल्ली, असे येऊन सांगण्याचा त्याचा विचार होता. परंतु म्हातारा दहा प्रश्न विचारील, म्हणून जागा तरी पाहून ठेवावी, असे त्याला वाटले.

मान खाली घालून तो कातळाभोवती फिरू लागला. खाणारे तोंड न उरल्यामुळे गवत कमरेएवढे वाढून सोनेरी पडले होते. इतके दिवस त्या गवताकडे तो केवळ रोग म्हणून बघत होता. आज त्यात लावा पक्ष्यांची पायवाट दिसली, दोन काड्यांमध्ये ताणलेले कोळ्याचे जाळे दिसले. पुढे वाळलेल्या चिखलात एका बैलाचे खूर उमटले होते. ते त्याने ओळखले. ते त्याच्याच ढवळ्याचे होते. त्या खुराच्या खोलगट ठशात विष्णुक्रांताचे एक निळे फूल उगवले होते.

पाटील तिथे बसला. बैल गेल्यापासून तो रडला नव्हता. तो तेव्हा रडला.

ओसरीवर परतल्यावर त्याला मुंगसाचे नाव काढवले नाही. त्याने फुलाचे सांगितले.

“ढवळ्याचा खूर?” म्हाताऱ्याने विचारले. “डावा पाय जरा ओढायचा तो. मला त्याच्या घुंगरांवरून कळायचं.” मग तो म्हणाला, “उद्याही जा, पाटील. टिटवीला उठवू नका मात्र.”

पाटील रोज जाऊ लागला. अंडी अर्थातच कुठे नव्हती. पण तो रोज काहीतरी खरे घेऊन खाली येई.

पंधराव्या दिवशी पठाराच्या पलीकडून आलेला एक अनोळखी गुराखी त्याला दिसला. त्याच्यासोबत एकच तांबडी, हाडे निघालेली गाय होती. हे गवत रोगाचे आहे, माघारी जा, असे पाटलाने त्याला दुरूनच बजावले.

“ऐकून आहे,” गुराखी म्हणाला. “पण आमच्याकडं पाऊस झाला नाही. नव्वद गुरं आहेत आणि गवताची काडी नाही. ही सगळ्यांत म्हातारी. जगली तर बाकीची आणीन. मेली तर तिचं मरण तिकडंही ठरलेलंच आहे.”

नाही म्हणण्यासाठी पाटलाने तोंड उघडले आणि त्याच क्षणी त्याची नजर पठाराच्या कडेवर गेली. तिथे गवत विळ्याने कापलेले होते, ताजे, कालचेच. याच गवतावर गावातली एकुलती एक म्हैस तीन महिने दूध देत होती. गवतात रोग नाही, याचा पुरावा म्हातारी रोज सकाळी वाटीत घालून घरोघर पाठवत होती, आणि चाळीस घरांतल्या एकालाही तो दिसला नव्हता.

“चरू दे तिला,” पाटील म्हणाला.

दहा दिवसांत त्या गाईच्या अंगावर तुकतुकी आली. मग दोन्ही गावांत अर्धेलीचा करार झाला: गुरे त्यांची, गवत आणि राखण या गावाची, होणारी वासरे अर्धी अर्धी.

कळप येणार होता त्या सकाळी पाटील ओसरीवर आला. तांब्या त्याच्या उघड्या हातात होता. त्या दिवशी सारे गाव तिथे जमले होते.

“मोल द्यायच्या आधी एक खोटं परत घ्यायचं आहे,” तो म्हणाला. “टिटवीची अंडी नव्हती. कधीच नव्हती.”

मग मांजरवाली बाई म्हणाली, “ताकाला येऊन भांडं लपवणारे पाहिले होते, पाटील. नसलेली अंडी लपवणारे तुम्ही पहिलेच.”

सारे गाव हसले आणि त्या हसण्यात पाटीलही होता. म्हाताऱ्याने हात पुढे करून चाचपडत त्याचा तांब्या धरला.

“ते जाऊ द्या. आज काय पाहिलंत?”

पाटलाने डोंगराच्या धारेकडे पाहिले. “गुरं उतरतायत,” तो म्हणाला. “पुढं तांबडी आहे. सगळ्यांत म्हातारी तीच, आणि घाईही तिलाच.”

गाव तिथेच राहिले. ताकाची रीत राहिली, मोलाचीही राहिली. म्हातारी आणि म्हातारा आपल्याच ओसरीवर, आपल्या वेळेला गेले, असे सांगतात.

तात्पर्य: संकटात जो रोज एक चांगली गोष्ट शोधतो आणि ती दुसऱ्याला देतो, त्यालाच समोर असलेली वाट दिसते.

एक भाग मला पडताळून घेता आला नाही. पाटलाची थाप म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी कळली होती का? पहिल्यांदा सांगताना सखूबाई म्हणाल्या, कळली होती. जाणत्या गुराख्याला कसे कळणार नाही? दुसऱ्यांदा म्हणाल्या, नाही, त्याने ती अंडी मनापासून खरी मानली होती. मी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्यांनी ताकाची वाटी माझ्यासमोर ठेवली, तिच्यावरचा हात मात्र काढला नाही, आणि सकाळी येताना वाटेत मी काय पाहिले ते विचारले.