धामण आणि अंबाडीचा दोर

एका गावात रखमाजी नावाचा एक माणूस राहायचा. माणूस भला होता, पण त्याचे हात काही जागेवर राहायचे नाहीत. चुलीवर भात ठेवला की दहा वेळा झाकण काढून बघायचा. वाफ निघून जायची आणि भात कच्चा राहायचा. मिरचीचं रोप लावलं की चौथ्या दिवशी उपटून बघायचा, मुळं धरली का. रोप मरायचं, आणि हा मातीवर डाफरायचा.

अशा माणसाकडे साऱ्या गावाचं बियाणं ठेवायला दिलेलं होतं. कारण एवढंच, की त्याचं घर उंचावर होतं आणि मागची खोली कोरडी होती. खोलीत ज्वारीच्या बियाण्याच्या तीन कणग्या होत्या. होळीच्या सुमारास तिथे उंदीर शिरले. सापळे लावले, मांजर आणलं. मांजर दोन दिवसांत दुधाला सोकावलं आणि चुलीपाशी झोपू लागलं. बियाणं संपलं तर पेरायचं काय, या धास्तीने रखमाजी रात्रीतून चारदा उठून कणग्या चाचपू लागला.

शेवटी त्याने बांधावरून एक तरणी धामण धरून आणली. धामण बिनविषारी, आणि उंदरांचा कर्दनकाळ. खोलीच्या कोपऱ्यात एक टोपली पालथी घालून, ये-जा करायला तिची एक कड विटेवर टेकवून त्याने तिला घर करून दिलं. पण हे पाटलांच्या कानावर गेलं, आणि ते तडक दारात येऊन उभे राहिले.

"रखमाजी, अक्षय तृतीयेला बियाणं वाटायचं. त्या दिवशी बायाबापड्या आत शिरणार. तुझी धामण मुकाट हातावर आली तर ठीक. न्हाई आली तर आम्ही काठ्या घिऊनच येऊ."

"येईल की पाटील! आठ दिसांत हातावर खेळवतो," रखमाजी म्हणाला.

पाटलांची पाठ वळते न वळते तोच त्याने टोपली उचलली आणि वरून झडप घालून धामण धरली. ती कडकडून चावली. मनगट झोंबू लागलं, पण हा ऐकतोय कुठला? दुपारी पुन्हा धरली, संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिने एक उंदीर गिळला. रखमाजीला एवढा आनंद झाला की त्याने शाबासकी द्यायला तिला तशीच उचलली. धामणीने गिळलेला उंदीर ओकून टाकला आणि ती टोपलीखाली जी गेली, ती बाहेर यायचं नाव घेईना.

रखमाजीची बायको तान्हूबाई दारात उभी राहून बघत होती.

"आवं, जेवून उठल्या उठल्या तुम्हाला कुणी खांद्यावर घिऊन नाचवलं, तर जेवलेलं पोटात ऱ्हाईल का?"

आठ दिवस गेले. धामण खाईना, उंदीर कणग्यांवर चढून बसू लागले. जितकी काळजी वाढे, तितक्या जास्त वेळा तो टोपली उचलून बघे. तो टोपली उचले आणि ती फूत्कारून आणखी आत सरके. आपल्याच हाताने आपण गावाचं बियाणं घालवतोय आणि हे जनावरही मारतोय, असं वाटून त्याला रडू फुटलं.

तेव्हा तान्हूबाईने अंबाडीच्या वाखाचा भला मोठा भारा त्याच्यापुढे आणून टाकला. "विहिरीला पुरंल एवढा दोर वळा. खोलीच्या दारातच बसायचं. दोर पुरा झाल्याबिगर टोपलीला हात लावायचा न्हाई." आणि त्याच्या जुन्या मुंडाशाचा एक फडका तिने टोपलीखाली सारून दिला. वास तरी ओळखीचा होऊ दे, म्हणाली.

रखमाजी दोर वळायला बसला. पहिले दोन दिवस त्याचे हात दोरावर आणि डोळे टोपलीवर होते. दोर असा वाकडातिकडा झाला की तान्हूबाईने तो उकलायला लावला. तिसऱ्या दिवशी अंगणात कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती. वरून घारीची सावली पडली, आणि पिल्लं किंचाळत आईच्या पंखाखाली घुसली. रखमाजीच्या हातातला वाख तसाच राहिला. त्याने आपल्या पंजाकडे पाहिलं. रोज टोपली उघडून वरून खाली येणारा हात त्याचाच होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पुढे धामणीचे डोळे पांढुरके झाले, अंगावरची कात सुटू लागली. ती ओढून काढायला रखमाजीची बोटं शिवशिवली. तो दोर वळत राहिला. कात तिची तिनेच टाकली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली, त्याच्या पायाजवळून गेली आणि कणगीमागचा उंदीर धरून आली. रखमाजीने श्वाससुद्धा हळू घेतला. या वेळी शाबासकी द्यायला त्याने तिला शिवलं नाही.

दोर पुरा झाला त्या दिवशी त्याने हात जमिनीलगत, बाजूने पुढे केला आणि तसाच ठेवला. तिने जीभ लावून पाहिलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशीही निघून गेली. पाचव्या दिवशी ती तळव्यावर चढली. त्याने मूठ मिटली नाही. ती पुढे सरकली की तो दुसरा हात खाली धरी. दोर वळताना तो असाच एका हातातून दुसऱ्या हातात सोडायची सवय त्याला झाली होती.

अक्षय तृतीयेला सारा गाव दारात जमला. काठ्या आल्या होत्या. एवढ्या पावलांच्या हादऱ्याने धामण कणगीच्या बुडाशी वेटोळं करून फूत्कारू लागली. कोणीतरी काठी उगारली.

"उचल की लवकर!" पाटील ओरडले.

रखमाजीचे हात जुन्या सवयीने पुढे झेपावणारच होते. क्षणभर त्याचा काही भरवसा नव्हता. मग तो खाली बसला आणि हात जमिनीलगत ठेवून थांबला. मागून लोक ओरडत होते. पण त्याचा हात हलला नाही. कितीतरी वेळाने धामण उलगडली, तळव्यावर आली, दंडावर चढली आणि त्याच्या बंडीत शिरून स्वस्थ झाली.

काठ्या खाली आल्या. कणग्या उघडल्या, थोडं बियाणं उंदरांनी खाल्लं होतं, पण पेरणीला पुरून उरेल एवढं होतं.

"मंतर कुठला शिकलास रं?" पाटलांनी विचारलं.

"मंतर न्हाई पाटील. दोर वळला."

"आता तेवढं भाताचं झाकण जाग्यावर ऱ्हाऊ द्या," तान्हूबाई आतून म्हणाली. त्या दिवशी रखमाजीच्या घरी भात नीट शिजला.

तात्पर्य: भ्यालेल्याचा विश्वास हवा असेल, तर आधी आपले हात शांत करावेत आणि त्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावं.