सात देशांना चाललेलं वाक्य

"पण चावलं कोण?" बाईंनी विचारलं.

"तेच तर कळत नाही."

इराच्या मनगटाच्या वर दातांचं कडं उमटलं होतं. काल लाल होतं, आज निळं पडलं होतं. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. चावणाऱ्या पोराला काही रोग असेल का, इथपासून ही मुलगी आता जन्मभर कोणावर विश्वास टाकणार नाही, इथपर्यंत सगळं माझ्या मनात येऊन गेलं होतं.

"आणि पाळणाघरवाले काय म्हणतात?"

मी फोन काढून संदेश वाचला. 'आज इराच्या हातावर दातांच्या खुणा आढळल्या. योग्य ती काळजी घेण्यात आली आहे.'

"आढळल्या म्हणे," मी म्हणाले. "दात काय वाऱ्यावर उडत आले? मी सोडणार नाहीये यांना."

बाई हसल्या नाहीत. मोड आलेले वाल सोलत होत्या, ते सोलत राहिल्या. इरा त्यांच्या शेजारी बसून सालांचा डोंगर करत होती.

केळुसकरबाई माझ्या गुरू. सात देशांनी मिळून एक सुरक्षा संघटना काढलेली आहे. त्या देशांत कुठे कोठडीत, छावणीत माणसांचे हाल होत असतील तर आम्ही निरीक्षक जाऊन बघतो आणि अहवाल लिहितो. बाईंनी हयातभर हेच केलं, मला हे काम शिकवलं, आणि निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला परतल्या.

मी रजेवर आले होते. इराला घेऊन सकाळी कोल्हापूरहून निघाले, ती चावा दाखवायला नव्हे. एक वाक्य दाखवायला.

खरं म्हणजे शाबासकी घ्यायला.

"बोल," बाई म्हणाल्या. "चेहऱ्यावर काहीतरी घेऊन आली आहेस."

"सेरवान शहराच्या कोठडीत एक माणूस आहे. दावरान. शाळेत शिकवतो. त्याची पाठ मी पाहिली, बाई. त्याने स्वतः शर्ट वर केला. शिपाई दारात उभा असताना."

"काय म्हणाला?"

"यांनीच मारलं. माझं नाव घालून लिहा."

"मग?"

"लिहिलं. तो देश सातांतलाच, बिथरला. खल, बैठका, चहा, परत बैठका. शेवटी मी एक वाक्य काढलं. सातही जणांना चाललं. त्या देशावरचा एकही अहवाल आजवर मंजूर झालेला नाही, बाई. हा पहिला."

"मंजूर झाला?"

"होईल. तीन वाजता."

आमच्याकडे हात वर करून मतदान होत नाही. मसुदा सगळ्या देशांना जातो, सोबत मुदत जाते. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, तर मसुदा मंजूर. गप्प बसणं हाच होकार. तोवर हवा तर लिहिणाऱ्याला तो मागे घेता येतो, पण इतकं जमवून आणलेलं कोण मागे घेतं?

"वाच," बाई म्हणाल्या.

मी वाचलं. थोडं ऐटीतच. "सेरवान येथील एका बंदिवानाच्या अंगावर जखमा आढळल्या."

बाई काही बोलल्या नाहीत…

एक वाल सोलला. दुसरा सोलला. इराने एक तोंडात टाकला आणि कडू लागल्यावर माझ्या तळहातावर काढून ठेवला.



"म्हणजे पटलं तुम्हाला," मी म्हणाले.

"मी काही बोलले?"

"हरकतही घेतली नाहीत."

बाईंचे हात थांबले.

"इतकी मुरलीस?" त्या म्हणाल्या. "माझ्या दारात येऊन माझ्याच गप्प बसण्यावर शिक्का मारतेस?"

मला हसू आलं.

"साबणासारखं वाक्य आहे," बाई म्हणाल्या. "गुळगुळीत. हातात काही राहत नाही. त्या माणसाला तिथून हलवलं?"

"नाही. मारहाण झाली असं अहवालात आलं, तर नियमाने लगेच दुसऱ्या तुरुंगात हलवावं लागतं. नुसत्या जखमांना तो नियम लागत नाही."

"म्हणजे आज तो कुठे झोपणार?"

"…तिथेच."

"दाराशी कोण?"

"तोच शिपाई असेल."

"शर्ट वर केला तेव्हा होता, तोच?"

मी फोन पालथा ठेवला.

"त्याने नाव दिलं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण इराने सालांतून मान वर केली. "पाठ उघडी करून नाव दिलं. ते तू घेतलंस, आणि 'एक बंदिवान' करून परत दिलंस. आणि मला म्हणतेस, पहिला अहवाल."

आता मलाही राग आला. गेला महिनाभर मी लेकीपासून लांब राहून ते एक वाक्य घासत होते.

"मग काय करायचं होतं? नाव घातलं की तो देश हरकत घेणार. एकाने जरी नाही म्हटलं तरी अहवाल बुडाला. काहीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का? संघटनेत सगळे मित्रदेश आहेत. मित्राचं नाव घेत नाहीत. ही रीत मी पाडलेली नाही, बाई. तुमच्या वेळेपासूनची आहे."

"आहे."

"मग?"

"सातही जण गप्प बसतील असं वाक्य शोधायला तुला पाठवलं होतं?"

"मग कसलं शोधायला?"

"जे ऐकून एकाला तोंड उघडावं लागेल."

"तो नाही म्हणेल."

"म्हणू दे. तोंडाने म्हणू दे. सहा जणांसमोर. 'आम्ही नाही मारलं' म्हणू दे, म्हणजे कोणीतरी म्हणेल, मग दाखवा माणूस."

"आणि कोणीच तसं म्हणालं नाही तर?"

बाईंनी खांदे उडवले. त्यांचं हे मला कधीच आवडलेलं नाही. ज्या प्रश्नावर माझी झोप जाते, त्यावर त्या खांदे उडवतात.

मी तळहातावरचा ओला वाल पुसला. मी लोकांच्या कोठड्या तपासते, भिंतीवरचे डाग बघते, कुलपं मोजते. पोटच्या मुलीचं पाळणाघर मात्र दारावरची रंगीत फुलपाखरं बघून ठरवलं. अशा बाईने कोणाला काय शिकवावं?

"इरा," बाईंनी हाक मारली. "इकडे ये गं."

इरा उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. हात पाठीमागे. कालपासून ती तो हात पाठीमागेच ठेवते.

"काही सांगत नाही ती," मी म्हणाले. "काल किती वेळा विचारलं. कोण चावलं, कोण चावलं. चॉकलेट दाखवून विचारलं, ओरडून विचारलं. गप्प."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"इरा, तू कोणाला सांगितलंस गं?"

"पाळणाघरातल्या ताईला," इरा म्हणाली. लगेच.

मी हे विचारलंच नव्हतं. तिने कोणाला तरी सांगितलं असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"लगेच सांगितलंस?"

"हो. रडून सांगितलं."

"मग ताई काय म्हणाली?"

इराने पायाच्या अंगठ्याने एक साल दाबलं.

"फ्रेंडचं नाव नाही सांगायचं."



मी फोन उचलला. त्या ताईला काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर तयार होतं, एकेक शब्द धार लावून.

"कोणाला लावतेस?" बाईंनी विचारलं.

"पाळणाघराला."

"तो नंतर लाव."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. तीन वाजायला थोडाच वेळ होता.

मी ऑफिसला फोन लावला. साहेबांनी उचलला, खुशीत होते.

"अजून सगळे गप्प आहेत," ते म्हणाले. "काम झाल्यातच जमा आहे."

"मसुदा मागे घेतेय."

"काय?"

"लिहून घ्या. सेरवानच्या पोलिसांनी दावरानला मारलं. दावरानने स्वतः सांगितलं, त्याची पाठ मी पाहिली. हे सातही जणांना पाठवा, नवी मुदत घालून."

"ऋजुता, अहवाल बुडेल."

"ज्याला बुडवायचाय त्याने तसं म्हणावं."

"तुला बरं नाहीये का? मुलीचं काहीतरी झालं म्हणत होतीस."

"मुलीला चावलंय," मी म्हणाले. "आणि दावरानला मारलंय. दोन्ही कोणीतरी केलंय. तुम्ही लिहून घेताय ना?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. तिला मी होकार समजले नाही. वाक्य पुन्हा एकदा सांगितलं, आणि ते परत वाचून दाखवेपर्यंत फोन ठेवला नाही.

एका माणसाचं भलं केलं की उरलीसुरली आशाही घालवली, मला कळत नव्हतं. बाईंना विचारणार होते. त्यांनी वालाचं ताट पुढे ओढलं होतं आणि खाली मान घालून सोलायला सुरुवात केली होती.

इरा माझ्या फोनकडे बघत होती. मग तिने पाठीमागचा हात पुढे आणला, माझ्या मांडीवर ठेवला.

"आई," ती म्हणाली, "शौनक चावला."