दक्षिणेची बाजू

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्यावर आपले घर आपलेच आहे हे सिद्ध करण्याची वेळ आली. घर चार पिढ्यांचे. मूळ विकणाऱ्याचा पणतू अचानक उगवला आणि म्हणू लागला, की आमच्या पूर्वजांनी हे घर तुम्हाला नुसते राहायला दिले होते, विकले नव्हते. विकले असेल तर खरेदीखत दाखवा. दाव्याची तारीख पंधरा दिवसांवर आली होती.

खरेदीखत होते, यात शंका नव्हती. व्यापाऱ्याच्या वडिलांनी ते भिंतीतल्या कपाटात कुलपाआड ठेवले होते, आणि कोणाची नजर पडू नये म्हणून चाळीस वर्षांत ते कपाट कोणी उघडले नव्हते. आता उघडले तेव्हा आत वाळवीने कागदाचा भुगा करून ठेवला होता. घरपट्टीच्या पावत्या तेवढ्या शाबूत होत्या. पण त्यांवरून घरात राहते कोण हे कळते, मालक कोण हे कळत नाही.

तालुक्याच्या नोंदणी कचेरीत जुन्या दस्तांच्या नकला मिळतात. मात्र दस्त सापडण्यासाठी घेणाऱ्याचे किंवा देणाऱ्याचे नाव आणि अंदाजे साल लागते. व्यापाऱ्याने आजोबांचे नाव सांगितले. कारकुनाने तीस वर्षांच्या सूची चाळल्या. आजोबांच्या नावावर एक विहीर निघाली, एक बैलगाडी गहाण ठेवल्याचा कागद निघाला, घर काही निघाले नाही. दावेदाराच्या पूर्वजाचे नेमके नाव तर कोणालाच ठाऊक नव्हते, आणि दावेदार ते सांगण्याइतका भोळा नव्हता.

कचेरीच्या ओसरीवर एक वृद्ध अभिलेखपाल बसत. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती. पण जुने दस्त मोडी लिपीत, आणि मोडी वाचणारे गावात दुसरे कोणी उरले नव्हते. म्हणून कचेरीने त्यांची खुर्ची हलवली नव्हती. त्यांच्याजवळ एक शिष्य मोडी शिकत होता. अक्षर त्याला लागू लागले होते, आणि अक्षर लागले की सगळे लागले, अशी त्याची त्या दिवसांत समजूत होती.

व्यापाऱ्याने सगळी हकिकत सांगितली. शिष्याला वाटले, आता गुरुजी त्याला घेऊन दप्तराच्या खोलीत जातील. गुरुजी जागचे हलले नाहीत. त्यांनी व्यापाऱ्याला सांगितले, की तुमच्या घराच्या चारी बाजूंना जा, जिथे घर असेल तिथे बसून पाणी प्या आणि त्यांच्या घराचा जुना कागद पाहायला मागा. सोबत याला न्या, हा वाचील.

व्यापारी संतापला. माझा कागद हरवला आहे, लोकांचे कागद घेऊन मी काय करू, असे तो सगळ्या वाटेने बडबडत होता. शिष्य वरवर त्याची समजूत काढत होता. मनातून त्यालाही हे खुळचटच वाटत होते. हरवले एकाकडे आणि शोधायचे दुसऱ्याकडे, हा न्याय त्याला उमगेना.

पूर्वेला हमरस्ता होता. पश्चिमेला मारुतीचे देऊळ; त्याला कागद नव्हता. उत्तरेला नवी इमारत उभी होती, तिच्या कागदात नुसते आकडे. राहिली दक्षिण. तिथे गोधड्या शिवणारी एक विधवा राहत होती, शेवंताबाई. व्यापारी तिच्या दाराशी जायला तयार होईना. बऱ्याच विचारण्यानंतर कारण कळले. दोन्ही घरांच्या मधून पूर्वी एक वाट रस्त्याला निघत असे. व्यापाऱ्याने ती आपली म्हणून भिंत घालून बंद केली होती. तेव्हापासून शेवंताबाई डोक्यावर गोधड्यांचे गाठोडे घेऊन देवळामागच्या चिखलातून फिरून जात असे, आणि अकरा वर्षे दोघांत शब्द नव्हता.

तरी ते गेले. घर राखायचे तर दुसरा इलाज नव्हता. शेवंताबाईने पाण्याचे दोन तांबे पुढे ठेवले. कागद मागितल्यावर ती म्हणाली, "तो दावेवाला परवा येऊन गेला. म्हणाला, कुणाला कागद दाखवू नका, घर माझं झालं की तुमची वाट मोकळी करून देतो."

व्यापाऱ्याने मान खाली घातली. आता उठावे, असे शिष्याला वाटले. पण ती आत गेली आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला कागद घेऊन आली. दर उन्हाळ्यात त्याला ऊन दाखवायची तिची रीत होती. घडीला कुठे कसर लागली नव्हती.

"वहिनी, मग मला का दाखवता?" व्यापाऱ्याने विचारले.

"माझ्या कागदात उत्तरेला तुमचं घर लिवलंय," ती म्हणाली. "तुमचं खोटं ठरलं तर माझी एक बाजू खोटी ठरंल. मग माझं तरी घर कशाच्या आधारानं उभं?"

शिष्याने वाचले. उत्तरेस सगुणाबाई कोम हरिशेट, म्हणजे हरिशेटची बायको, यांचे खरेदी घर. व्यापाऱ्याला नाव आठवले. सगुणाबाई ही त्याच्या आजोबांची विधवा आत्या. तिने आपल्या पैशाने घर घेतले, पोरक्या भाच्याला त्यात वाढवले आणि त्याच्याच हवाली केले. घरात तिचे नाव घेणारे कोणी उरले नव्हते. ते शेजारच्या कागदात राहिले होते.

नाव मिळाल्यावर दस्त सापडायला तासही लागला नाही. कचेरीतले जाड बाड ओसरीवर आले, आणि गुरुजींनी शिष्याला वाचायला बसवले. येसाजीचा मुलगा मल्हारी याने राजीखुशीने कायमचे विकले, हे वाक्य येताच व्यापाऱ्याने डोळे मिटून घेतले. घर वाचले होते. शिष्य पुढे चतुःसीमा वाचू लागला, आणि दक्षिणेपाशी अडखळला. वाचावे की गाळावे, असा विचार त्याच्या मनात आला. मोडी येणारे तिथे दोघेच होते.

"वाच," गुरुजी म्हणाले.

त्याने वाचले. "दक्षिणेस भिंतीलगत चार हात रुंदीची वाट. ती दोन्ही घरांनी वहिवाटावी. कोणी बंद करू नये."

शेवंताबाईच्या कागदात ही ओळ नव्हती. ती फक्त इथे होती, तीही दुसऱ्या पानावर. व्यापाऱ्याने घसा खाकरला आणि हलक्या आवाजात विचारले, की नुसत्या पहिल्या पानाची नक्कल मिळते का.

गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "शेटजी, नक्कल सगळ्या दस्ताची मिळते. तुम्ही कागद कुलपात ठेवलात, तिथे तो मेला. जगला तो शेजारणीच्या घरात आणि या बाडात. म्हणजे जिथे तुमची किल्ली चालत नव्हती, तिथे. आपली हद्द आपण एकट्याने राखत नाही. पलीकडचा माणूस ती मानतो म्हणून ती हद्द असते. त्या बाईने तुमची बाजू खरी ठेवली. आता तिची बाजू तुमच्या कागदात आहे. घर आपलं म्हणायचं असेल, तर ती ओळही आपलीच म्हणावी लागेल."

मग ते शिष्याकडे वळून म्हणाले, "आणि तू अडखळलास ते अक्षरापाशी नव्हे. तेवढं ध्यानात ठेव." शिष्याने मान हलवली. त्याला लाज वाटली, आणि गुरुजींनी ते सर्वांसमोर म्हटले याचे वाईट मात्र वाटले नाही.

व्यापारी नकलेचा अर्ज पुढ्यात घेऊन बसून राहिला. कचेरी बंद व्हायची वेळ झाली. शिपाई दारे लावू लागला तेव्हा त्याने लेखणी उचलली आणि 'किती प्रती हव्यात' यापुढे लिहिलेला एकाचा आकडा खोडून तिथे दोन लिहिले. दुसरी कोणासाठी, हे ओसरीवर कोणी विचारले नाही.