पितळी हत्तीच्या पोटातली मैना

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरांशी बोलण्यात कुणालाच काही विशेष वाटत नसे.

नदीकाठच्या एका राज्यात एक ओतारीण राहत होती. धातू वितळवून साच्यात ओतणं हे तिचं काम. तिने राजासाठी एक पितळी हत्ती ओतला होता. तो चालत असे, सोंडेने धोंडे उचलत असे आणि नदीच्या बांधावर नेऊन ठेवत असे. शंभर माणसांचं काम तो एका दिवसात उरकी.

खोट एकच होती. काय करायचं ते त्याच्या अंगातच ओतलेलं होतं. खाणीतून धोंडा उचलायचा आणि तिसऱ्या वडाखाली ठेवायचा, एवढंच त्याला येई. नदीला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती दरवर्षी वेगळ्याच जागी बांध पोखरी. मग हत्ती पुन्हा भट्टीत घालायचा, वितळवायचा आणि नवी चाल ओतायची. त्यात चाळीस दिवस जात.

एका वर्षी हत्ती भट्टीत असतानाच पूर आला आणि काठावरची कुंभारवाडी वाहून गेली. माणसं वाचली, पण चाकं गेली, भाजलेली मडकी गेली.

राजा ओतारणीला म्हणाला, "बाई, तुझा हत्ती ऐन वेळी भट्टीत असतो. पुढच्या पुरात तो जागेवर दिसला नाही, तर त्याची पातेली करून कुंभारवाडीत वाटीन."

ओतारणीच्या आयुष्याची वीस वर्षं त्या पितळेत होती.

तिच्या घरी एक मैना होती. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे, आणि सांगाल ते बिनचूक करी. ओतारीण तिला म्हणाली, "हत्तीला बळ आहे, पण नवं शिकता येत नाही. तू रोज नवं शिकतेस, पण तुझ्याने खडाही हलत नाही. त्याच्या पोटात राहायला जाशील?"

"दाणे कोण देणार?"

"हत्तीच देईल."

"मग जाते," मैना म्हणाली.

ओतारणीने हत्ती शेवटचा ओतला. पोटात मैनेसाठी एक कोनाडा ठेवला आणि कोनाड्यात पाच दोऱ्या सोडल्या: चाल, वळ, उचल, ठेव, थांब. लोकांनी हत्तीच्या कानात आपल्या बोलीत सांगायचं आणि मैनेने दोऱ्या ओढायच्या. एका खेपेला हत्ती मैनेला एक दाणा देई. एका हुकमाला दाणे शंभरच. ते संपले की काम बंद.

प्रधानाला हे मुळीच पटलं नाही. "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी," तो म्हणाला. "उद्या कुणीही मैनेला पढवेल आणि हत्ती राजवाड्यावर घालेल."

"ओसरीच दिली आहे, प्रधानजी. माजघराची कडी आतून लावली आहे," ओतारीण म्हणाली. "समोर भिंत किंवा माणूस आला की हत्ती थांबतो. ते पितळेत ओतलं आहे, तिथे मैनेचं काही चालत नाही. बसून बघा."

प्रधान ऐटीत हत्तीवर बसला आणि हुकूम सोडला, "या विहिरीला फेरी घाल, आणि मग पुन्हा तेच कर."

थांब कधी, ते सांगायला तो विसरला. हत्ती फिरू लागला. दहाव्या फेरीला प्रधानाची पगडी पडली. चाळिसाव्या फेरीला त्याला कोणता शब्द बोलायचा तेच आठवेना. शंभरावा दाणा संपला आणि हत्ती आपोआप उभा राहिला.

प्रधान उतरून भुईवरच बसला. ओतारणीने त्याला पाणी दिलं. "चूक तुमची होती, ती तुमच्यापुरतीच राहिली. हत्तीला ओरखडाही नाही," ती म्हणाली. प्रधानाने पगडी उचलली आणि त्यानंतर ओसरीचं नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी नदी भरदुपारी चढली आणि तिने नव्याच जागी, पुन्हा वसलेल्या कुंभारवाडीमागच्या चिंचेखाली, बांध पोखरला. एक म्हातारी कुंभारीण धावत हत्तीपाशी आली. राजदरबाराची भाषा तिला येत नव्हती. ती त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "आरं गजोबा, चिंचंखाली बांध फुटतोय. तिथं धोंडं टाक रं बाबा, भोक बुजंस्तवर."

मैनेला सगळं कळलं. हत्ती तडक चिंचेकडे निघाला. शंभर धोंड्यांनी तो थांबला, तेव्हा म्हातारीने पुन्हा सांगितलं. असं तिने चार वेळा सांगितलं. दिवस मावळायच्या आत बांध बुजला, आणि कुंभारवाडीतलं एक गाडगंही फुटलं नाही.

पातेल्यांचा विषय राजाने परत काढला नाही. हत्ती आता वितळवायचा नव्हता, म्हणून भट्टीची जागा त्याने कुंभारांना दिली. तिथे ते मडकी भाजू लागले. पहिलं मडकं म्हातारीने मैनेला दिलं, दाण्यांनी काठोकाठ भरून.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि थोरांनो: बळ घट्ट ओतावं, पण त्याच्या पोटात नव्या शहाणपणासाठी एक कोनाडा ठेवावा, आणि माजघराची कडी मात्र आपल्या हाती ठेवावी.