सहावे नाव

खांबाला हातही न लावता जो परत आला, तो खेळला असे म्हणायचे का?

अकरावीतल्या एका मुलाने हा प्रश्न वहीच्या पानावर लिहून शालेय क्रीडा मंडळाकडे पाठवला होता. मंडळाकडून उत्तर आले नाही. हेडमास्तरांना विचारला, तर ते चष्मा पुसत बसले. तालुक्याच्या कार्यालयातला कारकून म्हणाला, नियम वरून आलेला आहे. वर म्हणजे कुठे, हे त्यालाही ठाऊक नव्हते. पुढे थंडीच्या दिवसांत त्या मुलाच्या डोक्यात ताप गेला आणि चौथ्या दिवशी मुलगाही गेला. प्रश्न मात्र घरातच राहिला आणि धाकट्या भावाच्या वाट्याला आला.

एकदा एका गावात असे हे दोघे भाऊ होते. थोरला रेवण, धाकटा सिदू. सिदूने सहावीतच शाळेला रामराम ठोकला होता आणि तो लाकडाच्या वखारीत कामाला जात असे. अंगाने आडदांड, डोक्याने तापट. आधी हात उचलायचा आणि मग कारण शोधायचे, अशी त्याची रीत. पण थोरल्या भावाचा, अण्णाचा, विषय निघाला की हाच सिदू लोण्यासारखा मऊ होई. रेवण मल्लखांब खेळत असे. सिदू वखारीतल्या माणसांना सांगे, "आमचा अण्णा खांबाच्या टोकावरच्या बोंडावर एका पायावर उभा राहतो आणि वरून हसतो. तुम्ही स्टुलावर तरी उभं राहून दाखवा."

गावातल्या जुन्या तालमीत एक सागवानी खांब होता आणि त्या खांबाइतकेच सरळ असे एक वृद्ध वस्ताद होते. रेवण त्यांचा सर्वांत गुणी शिष्य. तो वर चढला की इतर मुले आपापला व्यायाम थांबवून बघत राहत. एवढे असूनही खाली उतरल्यावर खांब पुसून त्याला एरंडेल चोळण्याचे काम तो कधी दुसऱ्यावर टाकत नसे.

आता नियम असा होता, की शाळेत शिकणाऱ्या मुलाने वर्षातून एकाच राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे. त्या वर्षी स्पर्धा दोन होत्या. दिवाळीआधी संघांची, आणि थंडीत वैयक्तिक. रेवण राज्यात पहिला आला होता, म्हणून वस्तादांनी त्याला थंडीतल्या स्पर्धेसाठी राखून ठेवले. दिवाळीआधीच्या संघात तालमीतली दुसरी सहा मुले होती. पाच खेळणारी, सहावा राखीव. निघायच्या आदल्या दिवशी त्या राखीव मुलाचे मनगट मोडले. यादीत सहा नावे नसतील तर संघाची नोंदच होत नसे. पाच मुलांचे वर्ष वाया जाणार होते. तेव्हा रेवणने आपले नाव दिले.

तो गेला. सहा आकडा छापलेली निळी जर्सी घालून तीन दिवस बाकावर बसला. पाच जणांनी कांस्यपदक मिळवले. रेवण खांबाला बोटही न लावता परत आला आणि मंडळाने त्याच्या नावापुढे शिक्का मारला, की याची या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा झाली. थंडीत त्याच्या जागी राज्यात दुसरा आलेला मुलगा गेला. तोही त्याच तालमीतला.

सिदूला एवढे ठाऊक होते. त्यात चहाच्या टपरीवर त्याच्या कानावर आणखी एक गोष्ट आली. मंडळातल्या कोणीतरी वस्तादांना सुचवले होते, की रेवण संघाबरोबर आलाच नव्हता अशी एक ओळ लिहून द्या, काम होऊन जाईल. वस्तादांनी ती ओळ लिहून दिली नव्हती.

एक ओळ. सिदूच्या मनात ती कुसळासारखी रुतून बसली. आणि घरात आई रेवणची निळी जर्सी शोधत होती. तिला ती फोटोपाशी ठेवायची होती. पेटी उपसली, माळा पाहिला, जर्सी नव्हती. तालमीने परत मागून घेतली असणार, असे सिदूने ठरवून टाकले.

तेरावे झाले. चौदाव्या दिवशी सकाळी सिदू वखारीतली कुऱ्हाड खांद्यावर टाकून तालमीत शिरला. मुले जोर मारायची थांबली. वस्ताद खांबाला तेल चोळत होते.

"खांब तोडायला आलोय," सिदू म्हणाला. "आणि अण्णाची जर्सी द्या. आईला पाहिजे."

वस्तादांनी तेलाचे हात पुसले. कुऱ्हाडीच्या धारेवरून अंगठा फिरवला. मुलांना वाटले, आता म्हातारा ओरडेल किंवा समजूत घालेल. दोन्ही झाले नाही.

"तोड," ते शांतपणे म्हणाले. "जर्सीचंही सांगतो. पण आजचा दिवस राखीव म्हणून बस. लंगोट लाव, अंग गरम कर, हाताला राळ चोळ आणि त्या बाकावर बस. खांबाला हात लावायचा नाही. मी कधीही हाक मारीन. हाक आली आणि तू तयार नसलास, तर कुऱ्हाड घेऊन घरी जायचं. तयार असलास, तर खांब तुझा."

सिदूला यातले काहीच कळले नाही. पण या छपराखाली अण्णाने वस्तादांचा शब्द कधी मोडला नव्हता, आणि अण्णाच्या जागी उभे राहून तो मोडणे सिदूच्यानेही झाले नाही. त्याने लंगोट लावला, पकड घट्ट बसावी म्हणून चोळतात ती राळेची पूड तळहातांना लावली आणि बाकावर बसला.

मुलांना त्याचे दुःख कळत होते, पण मुलेच ती. त्यांतला एक हळूच म्हणाला, "वखारीतला ओंडका उन्हात वाळत ठेवलाय." सिदूनेही ऐकले. एरवी त्याने त्या मुलाची गचांडी धरली असती. पण उठला आणि नेमकी तेव्हाच हाक आली तर? तो दात आवळून बसून राहिला.

पहिला तास रागात गेला. मग अंग थंड पडू लागले, तेव्हा उठून वीस बैठका मारल्या. पुन्हा बसला. पुन्हा अंग थंड, पुन्हा बैठका. दुपारी मुलांनी भाकरी सोडल्या. त्याने खाल्ले नाही, भरल्या पोटी खांबावर चढता येत नाही हे अण्णाकडून त्याने ऐकले होते. कोणी खांबाकडे निघाला की सिदू बाकावरून अर्धा उठे. एकदा खांबाच्या मानेपाशी एका मुलाची पायांची अढी सुटली आणि तो हातभर घसरला, तेव्हा सिदूचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. खाली उतरणारा प्रत्येक मुलगा आधी बाकाकडे बघत होता. तिथे कोणीतरी आहे, एवढेच बघत होता.

हाक काही आली नाही. ऊन भिंतीवर चढले, मग छपराच्या कडेला गेले. वखारीत दिवसभर सागाचे ओंडके उचलूनही सिदूच्या मांड्या कधी अशा थरथरल्या नव्हत्या. आणि आज तर तो वीतभरही वर चढला नव्हता. अण्णाने असे तीन दिवस काढले होते. परत आल्यावर हसत आईला म्हणाला होता, नुसता बसून होतो, मस्त आराम झाला.

दिवेलागणीच्या आधी वस्तादांनी हाक मारली, "सिदू."

तो उभा राहिला. तळहातांवर ताजी राळ होती.

"तयार आहेस," वस्ताद म्हणाले. "आता सांग. आज तू खेळलास का?"

नाही म्हणावे तर अंगातला हा शीण कशाचा? आणि हो म्हणावे तर मंडळाचा शिक्का खरा ठरतो. सिदू तळहातावरची राळ खरवडू लागला.

"मलाही सांगता आलं नाही," वस्ताद बाकावर त्याच्या शेजारी बसत म्हणाले. "रेवणने मला हेच विचारलं होतं. हा नियम वरून आला म्हणतात ना, पोरा, तो इथून वर गेला. तीस वर्षांपूर्वी मीच मागितला होता. माझा एक शिष्य होता. त्याला एका वर्षात चार स्पर्धांना पळवला. शाळेला पदक हवं होतं, जिल्ह्याला हवं होतं, मलाही हवं होतं. सोळाव्या वर्षी त्याचा खांदा गेला. आज त्याला उजव्या हाताने घास उचलता येत नाही. पोरांना आमच्या हावेपासून वाचवायला नियम हवाच होता, आणि अजूनही हवा. पण तो सांगताना मी खांबावर चढणाऱ्यांचाच विचार केला. बाकावर बसणारा माझ्या ध्यानातच आला नाही. कागदाला एवढंच कळतं की नाव आहे की नाही. तो कशासाठी गेला होता, हे कळायला माणूस लागतो."

सिदूने विचारले, "मग ती एक ओळ का नाही लिहिली तुम्ही?"

"लिहायला बसलो होतो. खोटी ओळ, या हाताने. रेवणनेच हात धरला. म्हणाला, वस्ताद, मी गेलोच नव्हतो असं लिहिलंत तर यादीत पाचच नावं राहतात. पाच नावांचा संघ नसतो. मग त्या पाच जणांना पदक परत द्यावं लागेल. मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत एवढा सरळ उभा राहिलेला माणूस मी पाहिला नव्हता. आता मंडळाला लिहिलंय, नियम ठेवा, पण राखीव मुलाला त्यातून सोडा. उत्तर आलेलं नाही. पुन्हा लिहीन."

मग त्यांनी मुलांना खूण केली. सहा मुले पुढे आली. प्रत्येकाने कमरेची राळेची पुरचुंडी सोडून सिदूपुढे धरली. दिवसभर त्याने त्या पाहिल्या होत्या, राळेने माखलेल्या, मळकट. वस्तादांनी एकीची गाठ सोडून कापड उलटे केले. आतून ते निळे होते आणि त्यावर सहा आकड्याचा खालचा गोल होता.

सकाळी ओंडका म्हणणाऱ्या मुलानेच ती पुरचुंडी उचलली आणि सिदूच्या हातात ठेवली. "काकूंना द्या," तो म्हणाला. सिदूने ती नाकाशी धरली. राळेचा वास आला, आणि त्याच्या आत अण्णाच्या घामाचा. मग त्याने कापड पुन्हा बांधले, गाठ नीट आवळली आणि पुरचुंडी त्या मुलाच्या कमरेला खोचली.

"राहू दे," तो म्हणाला. "उद्या चढायला लागेल तुला. आईला मी सांगतो."

घरी जायला कुऱ्हाड उचलताना त्याने विचारले, अण्णाने हे कधी केले? वस्तादांनी सांगितले.

थंडीतल्या स्पर्धेला दुसरा मुलगा निघाला, त्या सकाळी वस्तादांनी तालमीचे दार उघडले तेव्हा रेवण आईची शिवणाची कात्री घेऊन पायरीवर बसला होता. आदल्या रात्रीपासून अंगात कसकस होती, पण ते त्याने कोणाला सांगितले नव्हते. राळ तळहातावर नीट टिकायची तर कापड मऊ आणि न वापरलेले हवे, आणि ही जर्सी आपल्या घामाने भिजलेली नाही, असे तो म्हणाला. त्याने तिचे सहा चौकोन कापले, प्रत्येकात मूठभर राळ घातली आणि गाठी दातांनी घट्ट केल्या. पाच त्या पाच जणांना दिल्या, सहावी स्पर्धेला निघालेल्याच्या हातात ठेवली. दोन बाह्या उरल्या होत्या. त्या एरंडेलात भिजवून त्याने खांब बोंडापासून बुंध्यापर्यंत चोळला, आणि मागून येणाऱ्या मुलांसाठी तयार करून ठेवला.